हललं तेवढंच

पुंडलिकरावांचा तास भिंतीवरून उतरला तो एका सोमवारी, प्रार्थना संपल्यावर लगेच.

करंजटोल्याच्या शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर वेळापत्रकाचा एक मोठा पुठ्ठा टांगलेला असे. मुख्याध्यापक जागेश्वरजी तो स्वतःच्या हाताने लिहीत. काळ्या शाईत विषय, लाल शाईत मधली सुट्टी, आणि रेघा अशा सरळ की त्यांच्यावरून मुंगीलाही वाकडं चालायची लाज वाटावी. एखाद्या तासाची अदलाबदल झाली तरी जागेश्वरजी जुना पुठ्ठा उतरवत आणि सगळंच्या सगळं वेळापत्रक पुन्हा पहिल्यापासून लिहायला बसत. त्याला तीन दिवस लागत. त्या तीन दिवसांत कोणत्या वर्गावर कोणी जायचं हे कुणालाच ठाऊक नसे, त्यामुळे मुलं फार आनंदात असत.

त्या सोमवारी नवा पुठ्ठा लागला. पुंडलिकरावांनी चष्मा पुसून तो दोनदा वाचला. सातवीच्या शनिवारच्या तिसऱ्या तासाला चार वर्षं ‘चित्रकला’ होती. तिथे आता ‘अंकगणित (उजळणी)’ आलं होतं.

तसे पुंडलिकराव भूगोल आणि मराठी शिकवत. चित्रकलेचा हा एकच तास त्यांनी हट्टाने मागून घेतला होता. भूगोल ही त्यांची नोकरी होती आणि चित्रकला हा त्यांचा शनिवार. शिवाय सातवीत रुखमा नावाची एक मुलगी होती. पाच दिवस ती वर्गात असून नसल्यासारखी असे. काही विचारलं की पायाच्या अंगठ्याकडे बघे, जणू उत्तर तिथे लिहिलेलं आहे. शनिवारी तिसऱ्या तासाला मात्र तिला वाचा फुटायची. “गुरुजी, बगळ्याचे गुडघे उलटे काहून असते?” असले प्रश्न ती विचारी, आणि पुंडलिकरावांना उत्तर येत नसल्यामुळे तो तास फार चांगला जाई. आता ही पोर पुन्हा अंगठ्याकडे बघायला लागणार, हेच त्यांच्या मनात आधी आलं. स्वतःबद्दल वाईट वाटलं ते त्यानंतर. पण वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

“जागेश्वरजी, हे काय केलं?”

“मी कुठं केलं? विस्तार अधिकारी साहेबांनी तपासणीत लिहून दिलं ना. सातवीचं गणित कच्चं आहे म्हणे.”

“ते मागच्या वर्षीही कच्चंच होतं.”

“म्हणूनच तर!” जागेश्वरजी म्हणाले. मग जरा विरघळले. माणूस वाईट नव्हता, फक्त सरळ रेघांचा होता. “असं करा पुंडलिकराव. सप्टेंबरात तालुक्याला विज्ञान प्रदर्शन आहे. साहेब स्वतः येणार. तुमच्या चित्रकलेत काही विज्ञान असलं तर दाखवा त्यांना. ते हो म्हणाले तर तास परत देतो.” आणि ताज्या शाईकडे बघून त्यांनी सुस्कारा सोडला. “म्हणजे मले पुन्हा सगळं लिहावं लागन.”

चित्रकलेतलं विज्ञान शोधायला पुंडलिकरावांना लांब जावं लागलं नाही. ते शेजारीच राहत होतं आणि त्याचं नाव बाबुलालजी होतं.

बाबुलालजी जवाहरनगरच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीतून रिटायर होऊन गावी आलेले. तिथे त्यांनी तीस वर्षं नेमकं काय केलं हे ते सांगत नसत. “सरकारी गुपित आहे,” म्हणून डोळा बारीक करत. पुंडलिकरावांच्या बायकोचं, पुष्पाबाईंचं, मत असं की ते कॅन्टीनला असावेत, कारण त्यांना चहा फार चांगला जमत असे.

“मास्टर, हलतं चित्र बनवा,” बाबुलालजी कुंपणावरून म्हणाले. “एकामागून एक चित्र टपाटप टाकत गेलं की डोळ्याले ते हलल्यासारखं दिसते. पक्कं सायन्स आहे. कागदावर नोका काढू, फाटते. दवाखान्यातले जुने एक्सरे आणा. गरम सोड्यात धुतले की एकदम काच!”

विषय पुंडलिकरावांनी उभ्या उभ्या ठरवला. श्रावण चालू होता. वर्गाच्या खिडकीबाहेर बांधीबांधीतून, खाचराखाचरातून, धानाची रोवणी चालली होती. बाया वाकून पऱ्ह्याची रोपं चिखलात रोवतात आणि बघता बघता तपकिरी बांधी हिरवी होते. याच्याहून चांगलं हलतं चित्र कोणतं? पुंडलिकराव जन्मले-वाढले भंडारा शहरात. धानाशी त्यांचा संबंध शिजलेल्या अवस्थेतच आला होता. पण चार वर्षं खिडकीतून बघितलंय, तेवढं पुरे, असं त्यांना वाटलं. ही गोष्ट लक्षात ठेवा.

चाळीस चित्रं काढायची, म्हणजे चाळीस फिल्मा हव्यात. जिल्ह्याच्या एका दवाखान्यात पुंडलिकराव अर्ज घेऊन गेले. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही वाचली.

“एक्सरे कोणत्या रुग्णाचे?”

“कोणाचेही चालतील.”

“‘कोणाचेही’ असा रकाना नाही आमच्याकडे.”

“अहो, जुने, टाकाऊ. तुम्ही फेकून देणार ते.”

“फेकत नसतो आम्ही. निर्लेखन करतो.” कारकुनाच्या तोंडून तो शब्द असा आला की पुंडलिकरावांना आपण चप्पल बाहेर काढायला हवी होती असं वाटलं. “निर्लेखनाची समिती बसते. समिती बसली की फेकतो.”

“कधी बसते?”

“अध्यक्ष उभे असतात. बसले की सांगू.”

चार खेपा झाल्या. पाचव्या खेपेला समिती बसली आणि पन्नास फिल्मा ‘चित्रकलेस्तव’ या नव्या कारणाखाली निर्लेखित झाल्या. सुतळीने बांधलेला तो गठ्ठा मांडीवर घेऊन पुंडलिकराव एसटीत बसले. खरं म्हणजे त्यांना जागा मिळाली ती गठ्ठ्यामुळेच. एका म्हाताऱ्याने गठ्ठा बघितला, पुंडलिकरावांचा घामेजलेला चेहरा बघितला आणि तो आपणहून उठला.

“बसा बाप्पा, बसा. येवढे सारे तुमचेच?”

“माझेच,” पुंडलिकराव अभिमानाने म्हणाले. “पाच खेपा घातल्या तेव्हा मिळाले.”

“बाप्पा रे!” म्हाताऱ्याने शेजारणीला कुजबुजून सांगितलं, “एका फोटोत सापडत नाही असा आजार दिसते.”

दिघोरीच्या थांब्यापर्यंत अर्धी गाडी हळहळली होती. एका बाईने त्यांना दोन केळी दिली. ती त्यांनी खाल्ली, कारण भूक लागली होती. करंजटोल्याला ते पोचले तेव्हा बातमी सायकलवरून त्यांच्या आधी पोचलेली. ओसरीवर आळीतल्या बाया बसल्या होत्या आणि मध्ये पुष्पाबाई डोळ्याला पदर लावून.

“अजी, मले आधी काहून नाही सांगितलं?”

“तू नको म्हणाली असतीस,” पुंडलिकराव चाचरत म्हणाले.

“मी नोको म्हटल्यानं हे टळलं असतं का?” म्हणून पुष्पाबाईंनी जो सूर लावला, त्यात खुलासा करायला पाऊण तास गेला. खुलासा झाल्यावर बाया जरा नाराज होऊनच उठल्या. पुढे महिनाभर कोणी ना कोणी पुंडलिकरावांना वाटेत थांबवून “आता बरं वाटते का?” विचारत असे, आणि “मला काही झालेलंच नाही” म्हटलं की “हिंमत पाहा” असं म्हणून पुढे जात असे.

धुण्याचं काम बाबुलालजींनी आपल्या देखरेखीखाली घेतलं. फॅक्टरीत म्हणे सगळं उकळून करतात. पन्नासातल्या पंधरा फिल्मा उकळून पापडासारख्या वळल्या. उरल्या पस्तीस, म्हणजे पाच कमी. त्या स्वच्छ निघाल्या खऱ्या, पण काचेसारख्या नव्हे. प्रत्येकीवर निळसर झाक राहिली. एकीवर तर कोण्या भल्या माणसाच्या बरगड्या काही केल्या निघेनात.

धनीराम सुताराने लाकडी चौकट करून दिली. वर एक सळई, सळईत कड्या, कड्यांत चित्रं ओवायची. सगळी चित्रं मागे टाकायची आणि एकेक पुढे सोडायचं, टप्, टप्, टप्. तास काढून घेतलेला असल्यामुळे मुलं शाळा सुटल्यावर ओसरीवर जमू लागली.

पहिल्या आठवड्यात मुलांनी रोज जीव तोडून चित्रं काढली. प्रत्येक फिल्मवर पुरं चित्र, आकाश, मोहाचं झाड, बोडीची म्हणजे गावतळ्याची पाळ, चिखल, पऱ्हा आणि रोवणाऱ्या तीन बाया. आठवड्यात सहा चित्रं झाली, निम्मा रंग संपला आणि चौथ्या चित्रापासून मुलांनी माना टाकल्या. सहा चित्रं सोडून बघितली तर बाया बऱ्यापैकी हलत होत्या, पण त्यांच्याहून जास्त मोहाचं झाड हलत होतं. दर खेपेला हात थोडा चुकायचा, त्यामुळे झाड दारू प्यायल्यासारखं डुले, पाळ खालीवर होई आणि बोडीतलं पाणी उसळे.

“मास्टर, भूकंप दाखवून राहिले का?” बाबुलालजींनी विचारलं.

पुंडलिकराव डोकं धरून बसले. तेव्हा रुखमा बोलली. शनिवार नव्हता, तरी बोलली.

“गुरुजी, झाड तं कुठं जाऊनच नाही राहिलं. मंग ते पुन्हा पुन्हा कायले काढाचं?”

“म्हणजे?”

“एकडाव काढलं का झालं. फिल्मातून मागचं दिसतेच ना. बाई हलली तं बाईच काढाची. हललं तेवढंच.”

पुंडलिकरावांनी तिच्याकडे बघितलं, मग स्वतःच्या रंगाने माखलेल्या हातांकडे. शिकवण्याच्या धंद्यात असे क्षण फार थोडे येतात आणि ते आले की मास्तराने गप्प राहावं, हे त्यांना कळत होतं. त्यांनी उठून ओसरीवरच्या फळ्यावर लिहिलं, ‘हललं तेवढंच काढा.’

मग काय विचारता! पहिलं चित्र जाड कागदावर पुरं काढलं. पुढच्या फिल्मवर फक्त सरकलेल्या बाया आणि नवी चार रोपं. चार दिवसांचं काम एका दुपारी होऊ लागलं. बाई कंबर सरळ करायला थांबली तर तीच बाई तीनदा काढायचीही गरज नाही. फिल्मच्या कोपऱ्यात आकडा लिहायचा, ‘३’, म्हणजे तीन मोजेपर्यंत पुढची सोडायची नाही. झाड आता असं स्थिर उभं राहिलं की बघून जीव शांत व्हावा.

एवढ्यात नवं संकट आलं. पहिल्या पाच फिल्मा एकावर एक सोडल्या, तर तीन बायांच्या अठरा झाल्या! रोपं मागची दिसली तर हवीच होती, रोवलेलं रोप जागेवरच राहतं. पण बाई पुढे सरकली तरी मागच्या फिल्मवरची बाई तिथेच वाकलेली दिसत होती.

“चांगलं आहे,” बाबुलालजी म्हणाले. “मजूर वाढले, रोवणी लवकर आटपन.”

यावर उपाय सापडायला दोन दिवस गेले, आणि तो फार साधा होता. नव्या फिल्मवर बाई काढताना तिच्या जुन्या जागेवर चिखलाचा एक ठिपका थापायचा. म्हणजे हललेलं काढायचं आणि सोडलेली जागा झाकायची. मुलांनी थापलेले ठिपके जरा ओबडधोबड होते, पण चिखलच तो. त्याला कोण नावं ठेवणार?

अठरा बाया पुन्हा तीन झाल्या. मात्र आठ-दहा फिल्मा एकावर एक पडल्या की त्यांची निळी झाक साठत जाई. दहाव्या फिल्मला भर दुपारच्या रोवणीत संध्याकाळ व्हायची आणि पंधराव्याला अवस. तेव्हा ठरलं की दर सात फिल्मांनंतर पुन्हा जाड कागदावर एक पुरं चित्र घालायचं. ते पडलं की मागचं सगळं निळं झाकलं जाणार आणि ऊन पडणार. पहिलं, नववं, सतरावं, पंचविसावं आणि तेहेतिसावं अशी पाच पुरी चित्रं झाली. पाच फिल्मा कमी पडत होत्या त्या अशा भरून निघाल्या. देव कोणाला कशातून काय देईल सांगता येत नाही, आणि बाबुलालजींनी पंधरा फिल्मा उकळल्या त्या यासाठीच, असं तेव्हापासून बाबुलालजी सांगू लागले.

रंगांचं एक रामायण मध्येच होऊन गेलं. रंग बाटल्यांत कालवलेले, प्रत्येक बाटलीवर आकडा. १ चिखल, २ पऱ्हा, ३ लुगडं असं. मुलं पेन्सिलीने आकार काढून आत फक्त आकडा लिहीत आणि दुसरी मुलं तो रंग भरत. पुष्पाबाईंनी एका सकाळी सगळ्या बाटल्या बाहेरून घासून पुसून आकड्यांच्या चिठ्ठ्या पुन्हा व्यवस्थित चिकटवल्या. लहान बाटली एक, मोठी बाटली सहा. त्या दिवशी करंजटोल्यात लाल पऱ्हा रोवला गेला आणि बाया हिरव्या चेहऱ्याने काम करत राहिल्या. चार फिल्मा धुवाव्या लागल्या.  पुंडलिकराव घरात एवढंच म्हणाले, “बाटल्या छान निघाल्यात.”

प्रदर्शनाला चार दिवस उरले. चाळीस चित्रं ओवून तयार झाली आणि पुंडलिकरावांनी गावाला रंगीत तालीम दाखवायचं ठरवलं. चावडीपुढे चौकट मांडली. बांधीवरून परतलेल्या बाया पुढे येऊन बसल्या. त्यांत रुखमाची आई कुंताबाई होती. पऱ्हा रोवण्यात तिचा हात पंचक्रोशीत कोणी धरत नसे.

टप्, टप्, टप्. बाया हलल्या, चिखल हिरवा होत गेला. पोरं ओरडली, जागेश्वरजीसुद्धा मान हलवू लागले. पुंडलिकरावांची छाती भरून आली. आणि तेवढ्यात बायांत खसखस पिकली.

“ओ गुरुजी,” कुंताबाई म्हणाली, “ह्या बाया कोण गावच्या जी?”

“का? आपल्याच.”

“आपल्या कायच्या! तोंड समोर करून समोरच चालून राहिल्या त्या! रोवणी करत मानूस मागं मागं सरकते गुरुजी. रोवलेलं डोळ्यापुढं राहाले पायजे. ह्या सटव्या पाठीमागं न पाहता रोवतात, बाजारात चालल्यावानी!”

सगळी चावडी हसली. कोणी एकजण उठून, छाती पुढे काढून, पुढे चालत पाठीमागे रोपं टोचून दाखवू लागला. पुंडलिकराव लाल झाले. चार वर्षं खिडकी होती, डोळे होते, चष्माही होता. रुखमाने मान खाली घातली होती. तिला ते माहीत होतं.

“तू का नाही सांगितलंस?”

“मले वाटलं, चित्रात तसंच काढत असन,” ती अंगठ्याकडे बघत म्हणाली.

हे उत्तर पुंडलिकरावांना कुंताबाईच्या टोमण्यापेक्षा जास्त लागलं.

“घाबरू नोका मास्टर,” बाबुलालजी पुढे आले. “उलटं चालवा! शेवटचं पहिले, पहिलं शेवटी. बाया आपोआप मागं सरकन.” आणि कोणी नाही म्हणायच्या आत त्यांनी कड्या काढून चळत उलटी ओवली. पण ती काही पुऱ्या चित्रांची चळत नव्हती. शेवटच्या फिल्मवर शेवटची चार रोपं आणि तीन बाया, एवढंच. त्यांच्याखाली ना चिखल, ना झाड. मागची लाकडी फळी तेवढी दिसत होती. त्यावर एकेक फिल्म पडू लागली, तसे आधी ठिपके आले, मग ठिपक्यांखाली बाया झाकल्या गेल्या, आणि पुढचं पुरं चित्र पडायच्या आत एका अधांतरी रोपाकडे बघत तीन बायांची सहा पावलं उरली. करंजटोल्यात त्या दिवसाइतकं हसू कधी झालं नव्हतं.

पुंडलिकराव चौकट उचलून घरी आले. प्रदर्शनाला जायचं नाही असं त्यांनी मनाशी ठरवलं. पुष्पाबाईंनी ताट वाढलं, ते त्यांनी सरकवून ठेवलं. तेवढ्यात ओसरीवर कुंताबाई आली, सोबत रुखमा.

“गुरुजी, राग आला का? हसलं का मानूस बोलते, बोललं का विसरते. पोट्टी रडून राहिली माही.”

“चाळीस चित्रं आहेत कुंताबाई. दोन महिने गेले. चार दिवसांत कसं व्हायचं?”

“चाळीस कायले गुरुजी?” रुखमा नाक ओढत म्हणाली. “झाड बरोबर हाय. पाळ बरोबर हाय. पऱ्हा बी जागेवरच पडते. बायांचं तोंड तेवढं फिरवाचं.”

पुंडलिकरावांनी हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला. पोर खरं बोलत होती. बाई उजवीकडे सरकते, रोपं डावीकडे उमटतात. सगळं नीट आहे. ती डावीकडे तोंड करून वाकली की झालं. फिल्मवरचा रंग ओल्या फडक्याने निघतो. त्यांनी आपणहून लिहिलेलं फळ्यावरचं वाक्य ते स्वतःच विसरले होते. ताट त्यांनी पुन्हा पुढे ओढलं.

चार दिवस ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. कुंताबाई अंगणात कासोटा मारून, हातात गवताची जुडी घेऊन वाकून उभी राही आणि मुलं तिला बघून बाया काढत. “कंबर अशी नाही बे, गाय हाय का मी?” असं तिचं मार्गदर्शन चाले. कोपऱ्यातला ‘३’ बघून तिने विचारलं, हे काय? रुखमाने सांगितलं, कंबर सरळ करायला तीन मोजेपर्यंत थांबतात.

“तीन? रोवणी करून पाह्य एकडाव. दहा कर.”

रुखमाने ‘१०’ केलं. एक रेघही जास्त न काढता बायांना तिपटीहून जास्त विसावा मिळाला.

प्रदर्शनाच्या अर्जात शेवटचा रकाना होता, ‘प्रयोगामागील शास्त्रीय तत्त्व’. पुंडलिकराव पेन घेऊन त्यापुढे बसले. मग त्यांनी लिहिलं, ‘जे हलले नाही ते पुन्हा काढू नये.’ आणि खाली, शोधणाराचे नाव: रुखमा, इयत्ता सातवी.

तालुक्याच्या सभागृहात त्यांचं टेबल शेवटचं होतं, पाण्याच्या माठाजवळ. सल्लागार म्हणून बाबुलालजी पॉलिश केलेले बूट घालून आले होते. बस हादरत आल्यामुळे एकदोन कड्या सैल झाल्या होत्या, त्या त्यांनी आपल्या हाताने आवळल्या. साहेब दुपारी तीनला आले, हातात घड्याळ काढूनच. पुढच्या टेबलांवर रॉकेल वाचवणारी चूल आणि दोन ज्वालामुखी बघून त्यांचा जीव विटला होता.

“हे किती वेळाचं आहे? मला साकोली गाठायचीय.”

“साहेब, चाळीस चित्रं...”

“पहिल्यापासून नको. मधलंच कुठलं तरी दाखवा.”

 मधूनच सुरू केलं तर अधांतरी रोपं आणि सहा पावलं! चावडीवरचं हसू त्यांच्या कानांत वाजायला लागलं. तेवढ्यात शेजारून आवाज आला, बारीक, पण स्पष्ट.

“पंचविसाव्यापासून लावते साहेब. ते पुरं हाय.”

रुखमाने चोवीस चित्रं एका हाताने बाजूला केली आणि पंचविसावं सोडलं. ऊन पडलेली बांधी, मोहाचं झाड, बोडीची पाळ आणि अर्धी झालेली रोवणी. टप्, सव्वीस. टप्, सत्तावीस. या फिल्मवर त्या भल्या माणसाच्या बरगड्या होत्या, त्या नेमक्या चिखलावर आल्या. “वा, चिखलणीच्या रेघासुद्धा!” साहेब म्हणाले. पुंडलिकरावांनी मान डोलावली. अठ्ठावीस. टप्.

आणि मधल्या बाईच्या दोन बाया झाल्या.

एक मागे सरकली, दुसरी तिथेच वाकून राहिली. पडलेली फिल्म तिसावी होती. पुंडलिकरावांनी कड्या मोजल्या. एकोणतिसावी फिल्म नव्हतीच! तिच्यावरचा चिखलाचा ठिपका तिच्यासोबतच गेला होता, त्यामुळे ती जुनी बाई झाकायला कोणी उरलं नव्हतं.

“ही बाई काय करते?” साहेबांनी बोट दाखवलं. “चुकलं वाटतं तुमचं.” आणि त्यांनी घड्याळाकडे बघून एक पाऊल मागे घेतलं.

“एक फिल्म हरवली साहेब,” रुखमा म्हणाली. तिची नजर अंगठ्याकडे गेली नाही. “म्हणून ते दिसून राहिलं. तेहेतीसपर्यंत थांबा. तेहेतिसावं पुरं हाय. ते आलं का सारं नीट होते.”

“नक्की?”

“होते म्हणजे होतेच.”

साकोली गाठायची असलेला माणूस आणखी दोन फिल्मांसाठी थांबला. त्यातल्या एकीच्या कोपऱ्यात ‘१०’ होता. रुखमाने मोठ्याने दहापर्यंत मोजलं, एकही आकडा न गाळता. पुंडलिकरावांना वाटलं, एवढे मोठे दहा आकडे आपण आयुष्यात ऐकले नाहीत. एकतीस. बत्तीस. ती हट्टी बाई वाकलेलीच. मग टप्, तेहेतिसावं पडलं आणि बांधीत लख्ख तीन बाया उरल्या, तोंडं रोवलेल्या धानाकडे, पाय मागे मागे.

साहेबांनी घड्याळ खिशात टाकलं. अर्ज मागून घेतला, शेवटचा रकाना वाचला, शोधणाराचं नाव वाचलं.

“आमच्या गावीही मागे सरकूनच रोवतात,” ते हळूच म्हणाले. “आता पहिल्यापासून दाखव बरं, बाई.”

एकोणतिसावी फिल्म संध्याकाळी सापडली. बाबुलालजी जाग्यावरून हलले तेव्हा. ती त्यांच्या पॉलिश केलेल्या डाव्या बुटाखाली होती. तीन तास ते तिच्यावर उभे राहून लोकांना सगळं समजावून सांगत होते.

बक्षीस रॉकेलच्या चुलीला मिळालं. त्याबद्दल पुंडलिकरावांना पुढे बरीच वर्षं बोलायचं होतं. पण पुढच्या सोमवारी शाळेत साहेबांचं दोन ओळींचं पत्र आलं: सातवीचा चित्रकलेचा तास पूर्ववत ठेवावा, व अंकगणिताची उजळणी सकाळी अर्धा तास आधी घ्यावी.

जागेश्वरजींनी पुठ्ठा उतरवला. पट्टी काढली, लाल शाईची दौत उघडली, नवा पुठ्ठा टेबलावर पसरला आणि तीन दिवसांच्या कामाकडे बघून डोळे मिटले. दारात रुखमा हजेरीपट घेऊन उभी होती.

“गुरुजी,” ती म्हणाली, “एकच घर बदललं ना? बाकीचं तं हललंच नाही.”

जागेश्वरजींनी तिच्याकडे बघितलं, मग पुठ्ठ्याकडे.  मग त्यांनी कागदाची एक पट्टी कापली, चार बोटं लांब. तिच्यावर काळ्या शाईने, सरळ रेघेत, ‘चित्रकला’ लिहिलं आणि शनिवारच्या तिसऱ्या तासावर ती चिकटवली. पुठ्ठा भिंतीवर परत टांगायला त्यांना पाव तासही लागला नाही, आणि त्या आठवड्यात मुलांना फुकटचे तीन दिवस मिळाले नाहीत. त्याबद्दल सातवीचा वर्ग रुखमाशी शुक्रवारपर्यंत बोलला नाही.

शनिवारी बोलला. तिसऱ्या तासाला.